वस्तुमानाचा हिशेब हिग्जपाशी संपत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज क्षेत्राचा कण म्हणजे हिग्ज बोसॉन; त्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख सुबोध आहे आणि हा कण जेथे सापडला त्या सर्न प्रयोगशाळेच्या यंत्रणेचे वर्णनही नेमके आहे. परंतु ४ जुलै २०१२ रोजी या कणाचा शोध जाहीर झाल्यापासून आपल्याकडच्या लेखांत जे एक वाक्य हमखास आढळते, ते याही लेखात आलेच. ‘विश्वातील सर्व वस्तूंना वस्तुमान हिग्जमुळे मिळते’, हे ते वाक्य. ‘देवकण’ या नावाने भौतिकशास्त्रज्ञांच्या कपाळावर आठ्या पडत असल्या, तरी ते नाव आता रुळले आहे आणि त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते या वाक्याविषयी. ते चूक आहे, आणि चूक किरकोळ नाही. आपल्या शरीराच्या, घराच्या, सबंध पृथ्वीच्या वस्तुमानातला फार मोठा भाग हिग्जकडून आलेलाच नाही. तो कोठून आला, याचे उत्तर आज आकड्यांनिशी देता येते. ज्या गणनेतून ते मिळाले, तिच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत माझ्या वाचनात क्वचितच काही आले आहे. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी साधी बेरीज करून पाहू. पदार्थाचे जवळजवळ सगळे वस्तुमान अणुकेंद्रातील प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यात असते; इलेक्ट्रॉनांचा वाटा नगण्य. प्रोटॉनमध्ये दोन ‘अप’ आणि एक ‘डाऊन’ असे तीन क्वार्क असतात. हिग्ज क्षेत्रामुळे अप क्वार्कला सुमारे २.२ आणि डाऊन क्वार्कला सुमारे ४.७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एमईव्ही (कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक), इतके वस्तुमान मिळते. तिघांची बेरीज ९ एमईव्हीच्या आसपास जाते, आणि प्रोटॉनचे प्रत्यक्ष वस्तुमान आहे ९३८ एमईव्ही. शंभरातला जेमतेम एक भाग हिग्जच्या खात्यावर जमा झाला. चोख हिशेब ठेवायचा, तर प्रोटॉनच्या आत क्षणोक्षणी उमटून विरणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्कांच्या जोड्याही, त्यातही ‘स्ट्रेंज’ या अधिक जड प्रकारच्या क्वार्कांच्या, धराव्या लागतात. तसा हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत केला गेला आणि क्वार्कांच्या वस्तुमानांशी निगडित भाग सुमारे ९ टक्के निघाला. उरलेल्यापैकी एकूण वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा क्वार्कांच्या धावपळीची ऊर्जा, त्याहून थोडा अधिक ग्लुऑनांची, म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या वाहक कणांची, ऊर्जा, आणि राहिलेला एका निखळ क्वांटम परिणामाचा. एक टक्का धरा किंवा नऊ, ‘सर्व’ म्हणण्यास आधार उरत नाही.

मेसॉनांकडे पाहिले की हे अधिक ठळक होते. मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी. धनभारित पायॉन हा अप क्वार्क आणि डाऊन प्रतिक्वार्क यांचा बनलेला असून त्याचे वस्तुमान सुमारे १४० एमईव्ही आहे. धनभारित ऱ्हो मेसॉनही नेमका याच दोघांचा बनलेला आहे, आणि त्याचे वस्तुमान आहे सुमारे ७७५ एमईव्ही. फरक इतकाच, की पायॉनमध्ये दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांची अंगभूत फिरकी, परस्परविरुद्ध असतात आणि ऱ्होमध्ये एकाच दिशेने. घटक तेच, हिग्जने त्यांना दिलेले वस्तुमान तेच, आणि जोडीचे वजन मात्र साडेपाच पट. हा फरक हिग्जच्या सिद्धांतातून निघत नाही. तो निघतो क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या तीव्र बलाच्या सिद्धांतातून, म्हणजे क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समधून.

हा सिद्धांत १९७३ पासून आपल्या हाती आहे आणि त्याचे मूळ समीकरण एका ओळीत मावते. खूप अधिक ऊर्जेला हे बल सैल पडते, हे ग्रॉस, पोलिट्झर आणि विल्चेक यांनी त्याच वर्षी दाखवले. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. तेथे कागद-पेन्सिलीचे गणित चालते. मेसॉनच्या आत मात्र बल इतके प्रखर असते, की आधी ढोबळ उत्तर काढून मग त्यात लहान लहान दुरुस्त्या करत जाण्याची नेहमीची रीत निकामी होते, कारण दुरुस्ती मूळ उत्तराइतकीच मोठी निघते. त्यात भर म्हणजे क्वार्क कधीही एकटा सापडत नाही, त्यामुळे त्याचे वस्तुमान थेट मोजण्याचा मार्गच बंद आहे. वर मी २.२ आणि ४.७ हे जे आकडे दिले, ते कोणत्याही यंत्रावर वाचलेले नाहीत. ते गणनेतून काढलेले आहेत.

अशा गणनेची वाट अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये दाखवली. सलग अवकाश-काळाच्या जागी चार मितींची चौकोनी जाळी घ्यायची, क्वार्क जाळीच्या बिंदूंवर ठेवायचे आणि ग्लुऑन शेजारच्या बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर; काळाला गणिती युक्तीने काल्पनिक संख्या मानायचे, म्हणजे क्वांटम सिद्धांताचा प्रश्न सांख्यिकी भौतिकीतल्या प्रश्नासारखा दिसू लागतो आणि संगणकाच्या आवाक्यात येतो. शेवटी जाळी अधिकाधिक बारीक करत गेल्यास खऱ्या सलग अवकाश-काळातले उत्तर कोठे जाऊन थांबेल, ते काढायचे. या पद्धतीला ‘लॅटिस क्यूसीडी’ म्हणतात (लॅटिस म्हणजे जाळी, क्यूसीडी हे क्वांटम क्रोमोडायनॅमिक्सचे लघुरूप). अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत मायकेल क्रॉइट्झ यांनी ती प्रथम संगणकावर परिणामकारकपणे चालवून दाखवली, आणि १९८१ मध्ये हॅम्बर व पारिझी यांनी, आणि स्वतंत्रपणे वाइनगार्टन यांनी, मेसॉनांची वस्तुमाने या रीतीने काढण्याचे पहिले प्रयत्न केले. (यातील जॉर्जो पारिझी म्हणजे २०२१ च्या नोबेलचे मानकरी, तो सन्मान मात्र निराळ्या कामासाठी होता.)

आजच्या गणनेचा पसारा किती, हे एका उदाहरणाने सांगतो. अवकाशाच्या प्रत्येक दिशेला ६४ आणि काळाच्या दिशेला १२८ बिंदू असलेली जाळी आज मोठी समजली जात नाही. तिच्यात ३ कोटी ३५ लाखांहून अधिक बिंदू आणि १३ कोटी ४२ लाख दुवे असतात. प्रत्येक दुव्यावर तीन ओळी व तीन स्तंभांचा एक मॅट्रिक्स, त्यातील प्रत्येक संख्या संमिश्र. म्हणजे एका वेळची ग्लुऑन क्षेत्राची स्थिती लिहून ठेवायलाच सुमारे २४१ कोटी आकडे लागतात. दोन शेजारच्या बिंदूंमधले अंतर ०.०९ फेम्टोमीटर धरले, तर एवढ्या मोठ्या जाळीची बाजू भरते सहा फेम्टोमीटरहूनही कमी, आणि एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा लाख कोटीवा भाग. तीन-चार प्रोटॉन एका ओळीत कसेबसे बसतील न बसतील, एवढ्याच पोकळीसाठी हा सारा खटाटोप.

ग्लुऑन क्षेत्राच्या शक्य असलेल्या सर्व स्थितींची बेरीज करणे कोणत्याही संगणकाला साधणार नाही. म्हणून निवडणुकीच्या जनमत चाचणीत जसे सगळ्या मतदारांना न विचारता नीट निवडलेल्या काहींना विचारतात, तशा येथेही अधिक संभाव्य अशा काही शे किंवा काही हजार स्थिती निवडल्या जातात आणि त्यांची सरासरी घेतली जाते. चूक निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात, हा नियम येथेही सुटत नाही. खरा वेळ खातात ते क्वार्क. दिलेल्या ग्लुऑन क्षेत्रातून क्वार्क कसा प्रवास करील, हे काढण्यासाठी वरच्या जाळीवर सुमारे ४० कोटी अज्ञात संख्यांची समीकरणे एकत्र सोडवावी लागतात, तीही प्रत्येक नमुन्यासाठी अनेकदा. आणि क्वार्क जितका हलका, तितकी ती समीकरणे अधिक हट्टी.

एवढे झाल्यावर मेसॉनचे वस्तुमान मिळते ते असे. जाळीच्या एका बिंदूवर क्वार्क-प्रतिक्वार्कांची जोडी निर्माण करायची, काळाच्या काही पायऱ्या पुढे जाऊन ती नष्ट करायची, आणि या दोन घटनांमधला सहसंबंध किती उरला ते सर्व नमुन्यांवर सरासरीने काढायचे. काल्पनिक काळात हा सहसंबंध घातांकी रीतीने घटत जातो आणि त्याच्या घटण्याचा दर हेच मेसॉनचे वस्तुमान असते. जड मेसॉनचा सहसंबंध झपाट्याने विरतो, हलक्याचा रेंगाळतो. पहिल्या काही पायऱ्यांत अधिक ऊर्जेच्या अवस्थांची भेसळ असते. ती ओसरली की लागोपाठच्या दोन पायऱ्यांवरून काढलेल्या वस्तुमानाचा आलेख सपाट होतो. या सपाट भागाला या क्षेत्रातले लोक ‘पठार’ म्हणतात, आणि पठाराची उंची म्हणजे उत्तर. पायॉनचे पठार लांबच लांब आणि स्वच्छ असते. ऱ्होचे मात्र पुढे पुढे सांख्यिकीय गोंगाटात बुडते; त्यात ऱ्हो स्वतः दोन पायॉनांत फुटत असल्यामुळे त्याच्या बाबतीत इतक्या सरळ रीतीने भागतही नाही. पठार कोठून सुरू झाले असे धरायचे, यावर शोधनिबंधांत पानेच्या पाने खर्ची पडतात, आणि ती पडावीतही.

येथे वाचकाला रास्त शंका येईल: इतके आकडे हाताशी असताना हवे ते उत्तर काढणे अवघड ते काय? परंतु या गणनेत मोकळेपणाने ठरवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. बलाच्या तीव्रतेचा एक आकडा, ज्यावरून जाळीतील अंतर ठरते, आणि क्वार्कांची वस्तुमाने. पायॉन आणि केऑन (स्ट्रेंज क्वार्क असलेला मेसॉन) यांची वस्तुमाने प्रयोगाशी जुळेपर्यंत अप-डाऊन आणि स्ट्रेंज क्वार्कांची वस्तुमाने बदलत न्यायची, मोजपट्टी ठरवण्यासाठी आणखी एखाद्या कणाचे वस्तुमान घ्यायचे, आणि तेथे हात आखडता घ्यायचा. त्यानंतर निघणारे प्रत्येक वस्तुमान हे सिद्धांताचे स्वतःचे उत्तर असते, त्यात फिरवायला एकही खुंटी उरत नाही. क्वार्कांची वस्तुमाने ठरतात ती याच जुळवणीतून. तिने काय साधले, हे स्ट्रेंज क्वार्कच्या नोंदीवरून दिसते. जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या कण-सारणीच्या २००८ च्या आवृत्तीत त्याचे वस्तुमान ७० ते १३० एमईव्ही असे, जवळजवळ दुपटीच्या पल्ल्यात दिलेले होते. आज ते ९३.५ एमईव्ही असून अनिश्चितता एक टक्क्याच्या आत आली आहे.

ही मजल सहज गाठलेली नाही. सुरुवातीची वीसेक वर्षे संगणकांची ताकद इतकी अपुरी होती, की पोकळीत उमटून विरणाऱ्या क्वार्क-जोड्या सरसकट वगळाव्या लागत. ही सवलत घेऊन जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञांनी खास उभारलेल्या सीपी-पॅक्स या महासंगणकावर (१९९६ मध्ये तो जगात पहिल्या क्रमांकावर होता) अतिशय नेटकी गणना झाली आणि तिचा निष्कर्ष असा निघाला, की काही वस्तुमाने प्रयोगापासून दहा टक्क्यांपर्यंत ढळतात. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे स्ट्रेंज क्वार्कचे वस्तुमान केऑनवरून ठरवले तर एक येई आणि फाय मेसॉनवरून (स्ट्रेंज क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क यांच्या जोडीवरून) ठरवले तर ठळकपणे जास्त. एकाच क्वार्कची दोन वस्तुमाने असू शकत नाहीत. दोष सवलतीत होता. मला स्वतःला या विषयातले हे सर्वांत विश्वासार्ह पान वाटते, कारण आपली गणना कोठे मोडते हे तिच्याच कर्त्यांनी सर्वांत काटेकोरपणे दाखवून दिले. पुढे जोड्या धरल्या, तर हलक्या क्वार्कांसाठी लागणारा संगणकवेळ आभाळाला भिडू लागला. २००१ ची या क्षेत्रातील वार्षिक परिषद बर्लिनला झाली होती, म्हणून या अडथळ्याला ‘बर्लिनची भिंत’ असे नाव पडले. ती फुटली ती यंत्रांच्या वेगाइतकीच नव्या गणनरीतींमुळे. २००८ मध्ये बुडापेस्ट, मार्से आणि वुपरटाल येथील संशोधकांच्या गटाने हलक्या मेसॉनांची आणि बॅरिऑनांची (प्रोटॉनसारख्या तीन क्वार्कांच्या कणांची) वस्तुमाने सर्व अनिश्चिततांच्या हिशेबासह प्रसिद्ध केली. प्रोटॉनसाठी त्यांचे उत्तर ९३६ एमईव्ही होते, तीन-चार टक्क्यांच्या अनिश्चिततेसह. नव्व्याण्णव टक्के वस्तुमान ‘कोठून तरी’ येते असे आधीही म्हटले जाई. येथे ते समीकरणातून प्रत्यक्ष बाहेर आले.

आधीच माहीत असलेले आकडे पुन्हा काढून दाखवण्यात कसले मोठेपण, असे कोणी म्हणेल. त्याला दोन उत्तरे आहेत. बॉटम आणि चार्म असे दोन जड क्वार्क एकत्र असलेल्या बी-सी मेसॉनचे वस्तुमान २००४ पर्यंत प्रयोगातून फक्त ढोबळ कळले होते, ६.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट (म्हणजे ६४०० एमईव्ही) आणि त्यात ०.४ ची अनिश्चितता. त्या वर्षअखेरीस लॅटिस गणनेतून ६३०४ एमईव्ही हे उत्तर आले, अनिश्चितता दहा-वीस एमईव्हीची. आणि त्यानंतर लगेचच अमेरिकेतील फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या सीडीएफ प्रयोगाने नेमके मोजले ते सुमारे ६२८६ भरले. दुसरे उत्तर चार्म क्वार्क असलेल्या डी मेसॉनच्या क्षयाचे. हा मेसॉन म्युऑन आणि न्यूट्रिनो या दोन हलक्या कणांत किती प्रमाणात फुटतो, हे प्रयोग सांगतो. परंतु त्या प्रमाणात दोन गोष्टींचा गुणाकार दडलेला असतो, एक क्वार्क एका प्रकारातून दुसऱ्यात बदलण्याची प्रवृत्ती आणि दुसरी मेसॉनची अंतर्गत रचना. दुसरी गोष्ट गणनेने काढून दिली तरच पहिली हाती लागते. २००५ मध्ये हा रचनांक गणनेतून २०१ एमईव्ही आला, आणि त्याच सुमारास क्लिओ-सी प्रयोगाने तो सुमारे २२३ मोजला. दोघांच्याही अनिश्चितता सतराच्या घरात असल्याने हे जुळणे समाधानकारक होते. हा प्रयोग चालला कॉर्नेल विद्यापीठात, जेथे विल्सन यांनी ही पद्धत मांडली होती, हा केवळ योगायोग. आज गणनेचा आकडा २१२ च्या जवळ आहे आणि अनिश्चितता अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

हे सारे लिहिताना हिग्जचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. उलट ते नेमके कोठे आहे हेही याच गणनेने दाखवले आहे. प्रयोगशाळेत क्वार्कचे वस्तुमान बदलता येत नाही, संगणकात येते. अप आणि डाऊन क्वार्कांचे वस्तुमान कमी करत नेले, की पायॉनचे वस्तुमान घसरत जाते, त्याचा वर्ग क्वार्कांच्या वस्तुमानाच्या प्रमाणात राहतो, आणि क्वार्क वस्तुमानहीन झाले तर पायॉनही वस्तुमानहीन होतो. प्रोटॉन मात्र त्या स्थितीतही आपले बहुतांश वस्तुमान राखून असतो. म्हणजे पायॉनला वस्तुमान असणे हे हिग्जवर अवलंबून आहे, असे म्हणणे योग्य ठरेल. प्रोटॉनबद्दल तसे म्हणता येणार नाही. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा १.२९ एमईव्हीने जड का, हा प्रश्नही असाच. वर उल्लेखिलेल्या गटाने २०१५ मध्ये विद्युतभाराचा परिणाम धरून ही गणना केली. डाऊन क्वार्क अपपेक्षा जड असल्यामुळे न्यूट्रॉनच्या बाजूला सुमारे अडीच एमईव्ही पडतात, आणि प्रोटॉनच्या विद्युतभारामुळे त्यातून सुमारे एक वजा होतो. हा फरक उलटा असता, तर हायड्रोजनचा अणू टिकला नसता. हिग्जचा वाटा लहान आहे, पण तो असा अटीतटीच्या जागी पडतो.

या कामात मुंबईचाही हात आहे, आणि आपल्या दैनिकाला त्यात बातमीमूल्य दिसावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सैद्धांतिक भौतिकी विभागात लॅटिस गणनेची परंपरा अनेक दशकांची आहे. बॉटम आणि चार्म क्वार्क एकत्र असलेल्या, प्रयोगात अद्याप न दिसलेल्या अनेक कणांच्या वस्तुमानांची भाकिते तेथील नीलमणि माथुर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. सर्नमधल्या प्रयोगांना असे कण कोठे शोधायचे, हे अशा भाकितांवरून कळते. आपल्याकडे महासंगणकाची बातमी येते ती त्याच्या वेगाची आणि क्रमांकाची. त्यावर काय काढले गेले, हे विचारायला वार्ताहर सहसा थांबत नाहीत.

माझी विनंती मर्यादित आहे. संबंधित लेखाला एक खुलासा जोडावा आणि तो पुढीलप्रमाणे असल्यास पुरे: हिग्ज क्षेत्रामुळे क्वार्क, इलेक्ट्रॉन यांसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळते, प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि पर्यायाने सर्वसामान्य पदार्थ यांचे बहुतांश वस्तुमान क्वार्क व ग्लुऑन यांच्या ऊर्जेतून येते, आणि ते लॅटिस गणनेने काढून पाहण्यात आले आहे. पुढच्या ४ जुलैला हिग्जवर पुन्हा लेख येईलच. त्यात ‘सर्व वस्तूंना’ या जागी ‘मूलकणांना’ एवढा बदल केला, तरी वाक्य बरेचसे सुधारेल.

आपला,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक,
सातारा